तगादा आणि कायदा : बेल्लमपल्लीच्या निमित्ताने



ज्या गोष्टीचा समाजाला दीर्घ अनुभव असतो, तिच्यासाठी त्याच्या भाषेत शब्दही पुष्कळ असतात. खत, गहाणखत, कर्जरोखा, मुद्दल, हप्ता, दामदुप्पट, जामीन, जप्ती, लिलाव ही कर्जव्यवहारातील मराठी शब्दसंपत्ती पाहिली, म्हणजे आपल्या पूर्वजांचा या व्यवहाराशी किती निकटचा संबंध होता हे ध्यानी येते. त्यांतील दोन शब्दांचा इतिहास आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. 'तगादा' हा शब्द अरबी-फारसीतून आला. मुळात त्याचा अर्थ केवळ 'मागणी' असा आहे. मराठीत येईपर्यंत त्या मागणीला पिच्छा पुरवण्याचा रंग चढला. दुसरा शब्द 'धरणे'. आज तो सार्वजनिक आंदोलनाचा शब्द आहे. पूर्वी मात्र ते येणे वसूल करण्याचे साधन होते. येणेकरी देणेकऱ्याच्या दाराशी उपाशी बसे, घरातल्यांना जेवू देत नसे, बाहेर पडू देत नसे. ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहून लिहिलेल्या पत्रांत अशा धरण्यांचे वर्णन केले असून ती पत्रे १८१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दैवी कोपाची भीती घालून एखाद्याकडून काही करून घेणे हा गुन्हा ठरवला. कलम ५०८ खाली उदाहरण दिले गेले तेही दाराशी धरणे धरून बसणाऱ्याचेच.

घेतलेले कर्ज फेडले पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु कर्ज खरे असणे ही एक गोष्ट आणि ते मागण्याची रीत न्याय्य असणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली की देणेकरी हतबल होतो. 'पैसे घेतले आहेत ना?' या एका प्रश्नापुढे तो मान खाली घालतो आणि त्यानंतर जे काही बोलले जाते, केले जाते, ते निमूटपणे सोसतो. वसुली करणाऱ्याची सारी शक्ती या खाली घातलेल्या मानेत असते. ही शक्ती कशी वाढते आणि कशाने ओसरते, हे पाहण्यास बेल्लमपल्लीसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

बल्लारशाहून काझीपेठकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिरपूर कागजनगर, आसिफाबाद रोड ही स्थानके मागे पडली की काही वेळाने बेल्लमपल्ली लागते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव २०१६ पासून मंचिर्याल जिल्ह्यात मोडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत राजुरा आणि किनवट हे तालुके याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, त्यामुळे हा परिसर मराठी माणसाला परका नाही. सिंगरेणी कंपनीने १९२० च्या दशकात येथे कोळसा काढण्यास प्रारंभ केला आणि जंगलाच्या कडेला कामगारांचे गाव उभे राहिले. शेतीवर पोट असणाऱ्याला मिळकत वर्षातून एकदा, पिकाच्या वेळी होते. खाणकामगाराला पगार ठरावीक दिवशी रोख मिळतो. सावकाराच्या दृष्टीने या फरकाला मोठे मोल असते. जमीन नको, दागिना नको, घर नको. पगाराची तारीख आणि पगार वाटण्याची जागा ठाऊक असली की तारण पुरे. खाणीत जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला आजारपण, लग्न, मुलांचे शिक्षण यांसाठी तातडीने पैसा लागतो आणि तो ज्याच्याकडून चटकन मिळतो, त्याला तो कागद न वाचता सही देतो. कालांतराने तारणाचे रूप बदलले. कोरा धनादेश, कोरी सही, बँकेचे पासबुक, आणि पगार थेट खात्यात जमा होऊ लागल्यावर एटीएमचे कार्ड आपल्याजवळ ठेवून घेण्याची सावकारी रीत औद्योगिक वस्त्यांतून दिसू लागली. अशा व्यवहारात कामगाराचा पगार त्याच्या हाती पडण्याआधीच दुसऱ्याच्या हाती पडतो.

ही दशा केवळ एका गावाची नव्हती. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाला स्वतंत्र स्थान दिले. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दाराशी लाठी घेऊन उभा राहणारा सावकार आयोगाला ठिकठिकाणी आढळला. वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालून बसणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारस त्याने केली. तिला अनुसरून १९३४ साली बंगालमध्ये कायदा झाला. बेल्लमपल्लीच्या उत्तरेस, चांदा जिल्हा ज्यात होता त्या मध्यप्रांतात, १९३७ साली ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा झाला. देणेकऱ्याला अडवणे, धमकावणे, त्याचा जागोजागी पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती वा कामाच्या जागेभोवती घुटमळत राहणे ही कृत्ये त्यात शिक्षापात्र ठरली. मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानेही अशाच छळास शिक्षा सांगितली.

निजामी मुलखाची कथा आणखी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हैदराबादेत अरब आणि रोहिले जमादार फौजही बाळगीत आणि सावकारीही करीत. देणेकऱ्याला स्वतःच्या ताब्यात डांबून ठेवण्यापर्यंत त्यांची मजल जाई. १८५३ साली दिवाण झालेल्या सालारजंगांनी त्यांना आवर घातला आणि देण्याघेण्याचे तंटे न्यायालयाकडे वळवण्यास प्रारंभ केला. पुढे १३४९ फसलीत, म्हणजे सुमारे १९४० साली, हैदराबाद संस्थानाने सावकारांसाठी परवान्याचा कायदा केला. आदिलाबादच्या जंगलभागातील गोंड आणि कोलामांची स्थिती अधिक करुण होती. १९४० च्या कुमरम भीम यांच्या उठावानंतर हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने या भागाचा अभ्यास केला. त्यात जमीन आणि पीक व्यापारी-सावकारांच्या हाती कसे जाते, याचे चित्र आले. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९६० साली आंध्र प्रदेशात सावकारीचे स्वतंत्र विनियम झाले, त्यामागे हा सारा पूर्वेतिहास होता.

दांडगाईच्या जोडीला दुसरे साधन नेहमीच असते, ते म्हणजे फसवणूक. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला आणि पुढे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलेला शेतकऱ्यांचा दंगा या दृष्टीने बोलका आहे. दंगेखोरांचे मुख्य लक्ष्य सावकाराचा जीव नसून त्याच्या पेटीतील कागद होते. जेथे खते मुकाट्याने हाती दिली गेली, तेथे मारहाण फारशी झाली नाही. न वाचलेल्या कागदाचा राग कागदावर निघाला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने यातून धडा घेतला. खतावर आकडा लिहिला आहे तेवढ्यावर न थांबता मुळात किती पैसे दिले गेले, हे न्यायालयाने तपासावे आणि शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, अशी व्यवस्था झाली. शेतकऱ्याची ही वेदना रुपेरी पडद्यावरही आली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला, त्याचे नाव जुन्या पिढीला ठाऊक आहेच.

स्वातंत्र्यानंतर बँका आल्या, सहकारी पतपेढ्या आल्या आणि लाठीचा सावकार इतिहासजमा झाला असे वाटू लागले. तो समज २०१० साली आंध्र प्रदेशातच पुसला गेला. लघुवित्त संस्थांनी गावोगावी स्त्रियांचे गट करून विनातारण कर्जे दिली. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तो भरावा, ही गटाची अट होती. वरवर पाहता यात परस्परसाहाय्य आहे. प्रत्यक्षात त्यामुळे वसुलीचे काम शेजारणीकडे गेले. एकाच घरात तीन-चार संस्थांची कर्जे झाली, दर आठवड्याला हप्ता आला आणि हप्ता न भरणाऱ्या बाईच्या दारात तिच्याच गटातील बायका येऊन बसू लागल्या. धरणे पुन्हा अवतरले, फक्त धरणारे हात बदलले. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्यावर राज्य सरकारने ऑक्टोबर २०१० मध्ये अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. संस्थांनी जिल्ह्यात नोंदणी करावी, वसुली घरी जाऊन न करता ठरवून दिलेल्या सार्वजनिक जागी करावी, धाकदपटशा करणाऱ्यास कैद व दंड व्हावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाहून अधिक होऊ नये, असेही त्यात होते. आपल्या जुन्या दामदुप्पटीचा नियम याहून वेगळे काय सांगत होता?

या उपायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्यानंतर राज्यात परतफेड जवळजवळ थांबली, संस्था डबघाईस आल्या आणि गरजू स्त्रियांना प्रामाणिक कर्ज मिळणेही कठीण झाले. अशा वेळी माणूस वळतो तो परवाना नसलेल्या सावकाराकडेच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला आणि देशभरासाठी नियम येऊ लागले. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्याचा कायदा लागू होत नाही, असा निर्णय तेलंगणा उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. तोपर्यंत रिझर्व्ह बँकेची मार्च २०२२ ची लघुवित्ताची चौकट लागू झालेली होती. शिवीगाळ, सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतरचे फोन, नातेवाईक व सहकाऱ्यांना त्रास, ऋणकोचे नाव जाहीर करणे आणि थकबाकीच्या परिणामांविषयी दिशाभूल करणे ही सारी तीत निषिद्ध वसुली ठरली. दिशाभुलीला धमकीच्या पंक्तीस बसवले गेले, ही यातील विशेष महत्त्वाची गोष्ट होय.

तोवर तगादा उंबरठा ओलांडून खिशातल्या फोनमध्ये शिरला होता. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार गेलेल्यांना काही मिनिटांत कर्ज देणारी अॅप्स पुढे आली. कर्ज देताना ती फोनमधील नावांची यादी आणि छायाचित्रे ताब्यात घेत आणि हप्ता चुकताच त्या यादीतील प्रत्येकाला 'हा माणूस चोर आहे' असा संदेश जाई. तेलंगणात काहींनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०२० मध्ये हैदराबाद आणि सायबराबाद पोलिसांनी अटकसत्र केले, रिझर्व्ह बँकेने जनतेस सावध केले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांचे नियम काढले. धरणेकऱ्याला एका दाराशी बसावे लागे. अॅपवाला एका क्षणी शंभर दारांशी बसतो. साधन नवे असले तरी ज्यावर घाव घालायचा ती जागा तीच आहे, आणि तिचे नाव अब्रू.

ही अब्रूची भीती वसुलीवाले काही ठरावीक असत्यांच्या आधारे पोसतात. त्यांची उत्तरे प्रत्येक घरात माहीत असावीत.

'पैसे भरले नाहीत तर पोलीस पकडून नेतील' हे पहिले असत्य. कर्ज थकणे हा दिवाणी मामला आहे. दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत तुरुंगाची तरतूद आहे, परंतु ती ऐपत असून बुद्ध्या न देणाऱ्यासाठी. केवळ दारिद्र्यापायी कोणाला कैद करणे राज्यघटनेत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयात स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करण्यास तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ ने मनाईच केली आहे. अपवाद ध्यानात ठेवावा तो धनादेशाचा. न वटलेल्या धनादेशाबद्दल फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणूनच कोरा धनादेश सही करून देणे धोक्याचे.

'घरातली भांडीकुंडी उचलून नेऊ' हे दुसरे असत्य. विनातारण कर्जापोटी जप्ती करावयाची तर न्यायालयाचा हुकूम लागतो. तो असला तरी संहितेच्या कलम ६० ने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारे आणि मजुराची मजुरी जप्तीतून वगळली आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांनाही संरक्षण आहे, आणि कोळसा खाणकामगारांच्या निधीला ते १९४८ च्या स्वतंत्र कायद्यानेच मिळाले. घर गहाण असेल तर गोष्ट वेगळी. तेथे २००२ च्या कायद्याखाली बँक ताबा घेऊ शकते, परंतु आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाहन ओढून नेण्यासाठी दांडगट नेमण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कडक ताशेरे ओढले आहेत.

'बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे' हे तिसरे. वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या वारशापुरती असते. जामीन राहिला असेल तर प्रश्न निराळा. चौथे असत्य अधिक सूक्ष्म आहे. 'फक्त शंभर रुपये भरा आणि येथे सही करा, मग आम्ही त्रास देणार नाही,' असे गोडीने सांगितले जाते. साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी दिलेली लेखी कबुली किंवा सहीनिशी केलेला अंशतः भरणा नवी मुदत सुरू करतो, आणि मुदत संपल्यावर लिहून दिलेले वचनही नवा करार ठरू शकते. म्हणून वाचल्याशिवाय सही नको.

मग देणेकऱ्याने काय करावे? सर्व उपायांचे सार एकच : तोंडी बोलणे कागदावर आणावे आणि एकांतातली गोष्ट चव्हाट्यावर नव्हे, पण योग्य दालनात न्यावी. दारी आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि संस्थेचे अधिकारपत्र मागावे. बँकेच्या वसुली प्रतिनिधीने ते जवळ बाळगावे, असे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सांगितले आहे. बँकांच्या वसुलीच्या फोनांना ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ ते सायंकाळी ७ असे बंधन घातले. खात्याचा उतारा लेखी मागावा, पावतीशिवाय पैसा देऊ नये, फोन कधी आला आणि काय बोलणे झाले याची वही ठेवावी. ऐपत नसेल तर तसे संस्थेला लेखी कळवून हप्ते लहान करून मागावेत; मौन धरल्याने चुकवेगिरीचा संशय मात्र बळावतो. संस्थेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. धमकी, खंडणी, घरात घुसणे, बदनामी यांसाठी पोलीस ठाणे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही धमकीचा गुन्हा कायम आहे. अॅपच्या छळासाठी १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना १९८७ च्या कायद्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

परवाना नसलेल्या सावकाराच्या बाबतीत कायदा आणखी कठोर आहे. तेलंगणात १३४९ फसलीच्या कायद्याचा वारसा चालू असून परवान्याविना सावकारी करणाऱ्याचा दावा न्यायालयात टिकणे कठीण असते. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने अशा सावकारास ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. अवैध सावकारीत गेलेली स्थावर मिळकत, ती १५ वर्षांच्या आत गेली असेल तर, जिल्हा निबंधकामार्फत परत मिळण्याची वाटही त्याने मोकळी केली.

इतके कायदे असता माणूस गळफास का घेतो? या प्रश्नापाशी थांबल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी आधी कोणाला तरी सांगावे लागते, आणि कर्जात बुडालेला माणूस नेमके तेच करीत नाही. बायकोपासून लपवतो, भावापासून लपवतो, संघटनेच्या सोबत्यांपासून लपवतो. 'सगळ्यांना सांगेन' एवढीच वसुलीवाल्याची धमकी असते, आणि ज्याने स्वतःच आपल्या माणसांना सांगितले आहे त्याच्यावर ती चालत नाही. म्हणून घरातील, गल्लीतील, गटातील इतरांचे कर्तव्यही येथे उघड होते. शेजाऱ्याचा हप्ता चुकल्याचा संदेश आला तर तो पुढे न धाडता थेट त्याच्या घरी जाऊन 'काय अडचण आहे?' असे विचारणे, एवढ्याने एखादा जीव वाचू शकतो.

ग्रंथालयाचा या साऱ्याशी काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. सुप्याच्या दंगेखोरांनी जे कागद जाळले, ते त्यांना वाचता येत नव्हते. त्यांच्या पणतवंडांना अक्षर आले, तरी कर्जाच्या करारातील बारीक टाइपातील मजकूर आजही न वाचलाच जातो आणि तो बहुधा वाचणाऱ्याच्या भाषेतही नसतो. शंभर वर्षे ज्या संस्थेने लोकांना वाचायला शिकवले, तिच्या टेबलावर कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी एखाद्या सायंकाळी असा करार, अशी नोटीस उलगडली जावी आणि कोणा जाणकार सभासदाने ती शांतपणे वाचून, मराठीत समजावून द्यावी, हे तिच्या परंपरेला शोभणारेच काम ठरेल. कर्ज त्याने फिटणार नाही. मात्र ते फेडणारा माणूस मान वर करून फेडील.